मागून लावलेलं ठिगळ

माझ्या बापाला हर्निया आहे हे मी आधी गावोगाव सांगितलं, आणि मग मला कळलं. वाचणाऱ्याला वाटेल बाईने वाक्य उलटं लिहिलं. नाही. झालंच तसं, आणि आजही ते आठवलं की भाजी चिरता चिरता हात थांबतो.

मी दवाखान्यासाठी चित्रं काढते. चंद्रपूरच्या ज्या दवाखान्यात मी जाते तिथे दुर्बिणीची ऑपरेशनं होतात. पोट फाडायचं नाही, बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा आत घालायचा, बाकीच्यांतून अवजारं, आणि डॉक्टर टीव्हीत बघत बघत आतलं काम करतात. हे ज्याच्या पोटावर होणार त्याला नुसतं बोलून पटत नाही. त्याला दाखवावं लागतं. मग शिबिराच्या गाडीत बसून गोंडपिपरी, धानोरा, एटापल्ली, जिथे नेतील तिथे मी चित्र टांगते आणि समजावूनही सांगते. तोंडाची टकळी माझी लहानपणापासूनच चालू, त्यामुळे हे दुसरं काम डॉक्टरांनी मला न विचारताच माझ्या गळ्यात घातलं.

मी चित्रकला कुठल्या कॉलेजात शिकले नाही. बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात. महाल, जंगल, रस्ता आणि तुळशीचं अंगण एवढे पडदे असले की कुठलंही नाटक उभं राहायचं. बाबा महाल काढायचे, मी त्यांच्या हाताखाली आभाळ भरायची. पुढे फ्लेक्स आले आणि पडदे गेले. आई वारल्यावर बाबा माझ्याकडे बल्लारपूरला राहायला आले. लेकीच्या घरी बसून खायचं नाही हा त्यांचा हेका, म्हणून माझ्या चित्रांचं कापड तेच तयार करायचे. मांजरपाट घ्यायचा, त्यावर मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद, वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा हात. काठाला दुहेरी शिवण, वर-खाली बांबू. ती कोरी गुंडाळी घेऊन मी चंद्रपूरला जायची आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत रंगवायची.

घरी रंगवत नव्हते, कारण बाबांना मी सांगितलं होतं की मी हृदय काढते. हृदय आणि डोळे. त्यांनी ते साऱ्या मोहल्ल्यात सांगून टाकलं. पानठेल्यावरचा माणूससुद्धा मला विचारायचा, ताई, हृदयाला खोल्या किती असतात म्हणून. आणि खरं विचाराल तर हृदय मी एकदाच काढलं, तेही डॉक्टरांना आवडलं नाही. बाकी माझं सगळं काम जांघेतलं. पुरुषांचा हर्निया. जांघेत आतून जो पडदा असतो तो फाटतो, त्यातून आतडं खाली उतरतं, आणि वरून फुगा दिसतो. पोती उचलणं, मोहाच्या टोपल्या वाहणं, खाणीतली कामं, आणि वय. आमच्या भागात हा आजार घरोघर आहे आणि घरोघर झाकलेला आहे. बाईमाणसाने हे चित्र काढायचं आणि हातात काठी घेऊन पुरुषांपुढे उभं राहायचं, हे बापाला कोणत्या तोंडाने सांगणार? नवऱ्याला माहीत होतं. तो कागदाच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याचं म्हणणं एवढंच, की बाबांसमोर विषय काढू नको. मी कशाला काढते!

सुरुवातीला डॉक्टरांकडे छापील तक्ता होता. त्यातला माणूस गुलाबी, गुळगुळीत, आणि छातीपासून मांडीपर्यंतच. धानोऱ्याकडच्या एका गावात तो टांगला तर एका म्हाताऱ्याने गोंडीत काहीतरी विचारलं. सोबतच्या नर्सबाई हसू दाबत म्हणाल्या, ते विचारतात की याचं मुंडकं कुठे गेलं, मेलेल्या माणसावर करून दाखवता का? त्या दिवशी एकही माणूस तपासायला आला नाही. मग मी आपला माणूस काढला. सावळा, मिशीवाला, खांद्यावर दुपट्टा, चेहरा शांत. आणि नाटकासारखे एकामागे एक तीन पडदे एकाच बांबूला लावले. पहिल्यावर वरचा माणूस. तो उचलला की दुसऱ्यावर आतला फाटलेला भाग आणि त्यातून उतरलेलं आतडं. तोही उचलला की तिसऱ्यावर आतडं वर गेलेलं आणि भोकावर जाळी बसवलेली.

सगळीकडे एकच प्रश्न यायचा. दुखणं खाली, तर भोकं वर पोटावर काऊन? प्रश्न रास्तच आहे. त्याला उत्तर मला बाबांच्या कामात सापडलं. मी म्हणायची, नाटकाचा पडदा फाटला तर त्याला पुढून टाके घालत नाहीत. पुढून शिवलं की तो चुण्या धरतो आणि ताण आला की तिथेच उसवतो. माझे बाबा पडद्याच्या मागे जायचे आणि मागून खळ लावून ठिगळ चिकटवायचे. डॉक्टरही तेच करतात. वरच्या भोकातून आत शिरतात आणि मागच्या बाजूने जाळीचं ठिगळ लावतात. नाटक बघितलेल्या माणसाला हे एका दमात कळायचं. माना हलायच्या.

पण माना हलणं वेगळं आणि उठून येणं वेगळं. दुखणं तोंडाने सांगायला लाज, म्हणून मी एक पद्धत पाडली होती. काही बोलायचं नाही. उठायचं, चित्रातल्या माणसाच्या अंगावर आपली जिथली तक्रार असेल तिथे बोट ठेवायचं, आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत जायचं. एक जण उठला की त्याच्यामागे बाकीचे उठायचे. पहिला मात्र उठता उठायचा नाही.

एकदा असंच कोणी उठेना. ऊन चढत होतं, डॉक्टर आत ताटकळले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बापालेही हेच होतं." सगळ्यांनी वर पाहिलं. मग मी थांबते होय? म्हटलं, म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं लपवलं, धोतराचे फेरे वाढवले, लग्नात पंगतीला बसवेना म्हणून उभ्याने जेवला. शेवटी ऑपरेशन केलं, आता टुणटुणीत आहे. एक जण उठला. त्याच्यामागे दुसरा.

धडधडीत खोटं होतं ते. पण कामाला आलं, आणि कामाला आलेलं खोटं टाकवत नाही. प्रत्येक गावात मी ते सांगू लागले आणि प्रत्येक गावात त्याला नवा तिखट-मसाला लावू लागले. नंतर तर मी चालूनही दाखवायची. एक हात जांघेशी दाबलेला, डावा पाय थोडा फाकवून, पावलागणिक जरा थांबून. लोक पोट धरून हसायचे. हे चालणं मी कुठून उचललं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला वाटायचं, पडदेवाल्याची पोरगी आहे, नाटक रक्तातच असणार.

गोंडपिपरीच्या शिबिराच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, तिकडच्या सोयऱ्याकडे बारसं आहे, जाऊन येतो. मी म्हटलं या. आपणही तिकडेच चाललोय हे त्यांना कसं सांगणार? मी तर चंद्रपुरात हृदय काढत होते.

उन्हाळ्याचे दिवस. मंडपात बसलेल्या सगळ्यांच्या डोक्या-तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले, नुसते डोळे दिसत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे असेच दिसतात, त्यामुळे कोण कोण आहे हे कोणी बघत नाही. मी पडदे उचलले, ठिगळाचं सांगितलं, आणि मग आपली नेहमीची कथा लावली. म्हातारा, धोतर, पंगत. चालून दाखवलं. मंडप हसला.

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. मला वाटलं, चला, पहिला आला. तो चित्रापर्यंत आला, पण त्याने बोट ठेवलं नाही. खाली वाकून त्याने कापडाचा काठ हातात घेतला आणि उलटून शिवण पाहिली. दुहेरी शिवण. मग काठ हळूच सोडला आणि तो फाटकाकडे वळला. हात जांघेशी दाबलेला, डावा पाय जरा फाकलेला, पावलागणिक थांबत.

मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा, बाईच्या बापासारखाच चालून राह्यला." आणि सगळे पुन्हा हसले.

मी हाक मारली नाही. कशी मारणार? हाक मारली असती तर त्या मंडपाला कळलं असतं की तोच बाप आहे. मी काठी उचलली आणि पुढचं सांगितलं. त्या दिवशी उठून आलेले पुष्कळ होते. एकेक जण येऊन चित्रावर बोट ठेवत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आपल्याच हसवण्याची किळस आली होती मला. बारशाचं निमित्त सांगून तपासायला आलेला तो माणूस दुपट्ट्याआडून माझं सगळं बोलणं ऐकत बसला होता, आणि मी त्याच्याच पंगतीची, त्याच्याच धोतराची गोष्ट त्याला रंगवून सांगितली होती.

शिबिर आटोपून मी बसस्टँडवर गेले. बाबा बाकड्यावर बसले होते, बस यायची होती. मी शेजारी बसले. त्यांनी समोर बघतच विचारलं, "केव्हापासून माहीत होतं तुले?"

मला वाटलं, खरं सांगितलं तर ओझं उतरेल. म्हटलं, माहीत नव्हतं बाबा. मी ते सगळीकडे खोटंच सांगते, लोक उठावेत म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की ओझं उतरलं नाही. त्यांना वाटत होतं, पोरीला ठाऊक आहे आणि तिने चव्हाट्यावर मांडलं. आता कळलं की पोरीला ठाऊकसुद्धा नाही. दोन्हींत कोणतं जास्त लागलं ते मी विचारलं नाही. बस आली, ते पुढे बसले, मी मागे उभी राहिले.

घरी आल्यावर तो विषयच बंद झाला. मी नवऱ्याला पुढे घातलं. तो म्हणाला, बाबा, आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, हिला काही कळणार नाही. बाबा म्हणाले, मले काही झालं नाई. कापडाला खळ लावणंही त्यांनी सोडलं. खळीचं भांडं मोरीपाशी पालथं पडलेलं असायचं आणि ते ओट्यावर, मांडीवर दुपट्टा पसरून. हे आतडं एखाद्या वेळी अडकून बसलं तर जीवावर बेततं, हे मी प्रत्येक शिबिरात मोठ्या आवाजात सांगते. घरात मला ते कुजबुजताही येईना. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

एका दुपारी जेवण वाढायला गेले तर बाबा भिंतीला टेकून घामाने निथळत होते. उलटी झाली होती. मी विचारलं, फुगा आत जात नाही का? त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. नवरा कामावर होता. शेजाऱ्याने ऑटो काढला आणि आम्ही चंद्रपूर गाठलं. अख्ख्या रस्त्याने मी त्यांचा हात धरून बसले होते, आणि त्यांनी तो धरू दिला, कारण सोडवून घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती.

डॉक्टरांनी त्यांना निजवलं, इंजेक्शन दिलं, आणि फार हळूहळू दाबत ते आतडं आत सरकवलं. बाहेर येऊन मला म्हणाले, या खेपेला गेलं, पुढच्या खेपेला जाईलच असं नाही. आता आलेच आहेत तर ऑपरेशन करूनच न्या. मी म्हटलं, ते नको म्हणतील. विचारलं तर बाबा नकोच म्हणाले. डॉक्टरांना मागचं काही ठाऊक नव्हतं. ते सहज म्हणाले, साऱ्या जिल्ह्याला समजावता, तर वडलांना समजवा की. आणि वॉर्डबॉयला सांगून त्यांनी माझे पडदे मागवले आणि खाटेसमोर खिडकीच्या गजाला टांगले.

बाकीच्या खाटा रिकाम्या होत्या. मी काठी घेतली. इतक्या गावांत इतक्या माणसांपुढे न अडखळलेली मी पहिल्याच वाक्याला अडखळले. तरी सांगितलं. इथे फाटलंय, इथून आतडं उतरलंय, इथून कॅमेरा जाईल. पोटात आधी हवा भरतात म्हणजे जागा होते. तुम्हाला झोप लागलेली असेल. ठिगळाचं सांगताना, ज्यांचं ठिगळ त्यांनाच सांगतेय या विचाराने मला वर बघवेना. बापाची कथा अर्थातच गाळली. दोन पडदे उचलले, तिसऱ्यावर आले.

बाबा उशीवरून चित्राकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, की मागून लावलेलं ठिगळ पुढून दिसत नसते. मी म्हटलं, लोकांना दिसावं म्हणून काढलंय. ते हं म्हणाले. मला बरं वाटलं. वाटलं, चित्राबद्दल बोलले, म्हणजे राग निवळला.

मग ते म्हणाले, "चालून दाखव."

मी समजले नाही.

"तिथं मंडपात दाखवलं होतं तसं. चाल."

मी नको म्हटलं. रडू आलं. ते नुसते बघत राहिले. शेवटी मी काठी ठेवली आणि त्या दोन खाटांच्या मधल्या जागेत चालले. हात दाबून, डावा पाय फाकवून, थांबत थांबत. भिंतीपर्यंत जाऊन वळले. या वेळी कोणी हसलं नाही. वळताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं मागचं अंगण आलं. त्यात पाण्याची बादली नेणारे बाबा, आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना चिडवणारी मी, की बाबा, हे चालणं कोणत्या नाटकातलं? ते हसून म्हणायचे, गुडघा धरला. मी पुन्हा पोळी लाटायला लागायची. कितीतरी वेळा असं झालं होतं.

"बराबर आहे," बाबा म्हणाले. "असाच चालतो मी."

मी तिथेच उभी राहिले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पडद्यावरचं माझं आभाळ तपासताना असायचा तसाच होता.

"पुढच्या गावी सांगशील तेव्हा, बापानं लपवलं म्हणून सांगू नको, माय. पोरीनं पाह्यलं अन् इचारलं नाई, असं सांग."

एवढं बोलून त्यांनी हात लांब केला. चित्र जरा दूर होतं. मी वरचे पडदे सोडले, पहिल्यावरचा मिशीवाला माणूस पुन्हा दिसू लागला, आणि मी बांबू धरून तो त्यांच्या खाटेजवळ ओढला. बाबांनी त्या माणसाच्या डाव्या जांघेवर बोट ठेवलं. तिथला रंग आधीच्या बोटांनी काळवंडलेला होता. ते बोट तिथे बराच वेळ होतं. मग मी डॉक्टरांना बोलवायला गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा आता ओट्यावरून उठून नीट चालतात, आणि खळीचं भांडं पुन्हा त्यांच्याकडे आहे. चित्र मी घरीच काढते. परवा त्यांनी माझ्या माणसाची मिशी सारखी केली, मला न विचारता.

शिबिरांना मी जाते. माणसं तशीच दुपट्टे गुंडाळून बसतात, आणि पहिला उठायला तसाच वेळ लागतो. मी आता चालून दाखवत नाही. माझ्या बापाला हेच होतं, एवढं म्हणते, आणि मग ते रोज माझ्यासमोर कसे चालायचे, मी कशी चिडवायची, आणि मी एकदाही कसं विचारलं नाही, ते सांगते. कोणी हसत नाही. सांगताना मला समोर बसलेल्यांकडे बघवत नाही. कोणीतरी उठून येईपर्यंत मी कापडाचा काठ धरून उभी असते.